घरच्या अभ्यासात सगळ्यांचा एक तास

दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातली गावे कशी दिसू लागतात, हे मी आपल्याला सांगायला नको. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात, भांडीकुंडी, पीठ-मीठ, कोयते, एखादी शेळी असे सगळे बिऱ्हाड त्यांवर चढते, आणि आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज, परळी या डोंगरपट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांमधून नवराबायकोचे कोयते साखरेच्या मुलखाकडे निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी पुण्या-साताऱ्याकडे, कुणी थेट कर्नाटकात. ते परत येतात ते पाडव्याच्या आगेमागे. मध्ये पाच-सहा महिने जातात, आणि हे पाच-सहा महिने म्हणजे मुलांच्या शाळेच्या वर्षाचा ऐन गाभा.

काही मुले आईबापांबरोबर फडावर जातात. काही हंगामी वसतिगृहात राहतात. आणि पुष्कळशी मुले गावातच, आजी-आजोबांपाशी, चुलत्याच्या आधाराने किंवा मोठ्या भावंडाच्या जिवावर राहतात. मला आज बोलायचे आहे ते मुख्यतः या तिसऱ्या घरांविषयी. शाळा त्यांना आहे. पण शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंतचा वेळ, रविवार, दिवाळीची सुटी हा सगळा काळ त्या घरात अभ्यास घेणारे कुणी नसते. म्हणजे घरची शाळा भरवायची तर ती मुलांनी मुलांसाठीच भरवायची.

अशा घरातला अभ्यास कसा चालतो, ते पाहा. तीन मुले असतात. एक आठवीत, एक पाचवीत, एक दुसरीत. तिघांची तीन पुस्तके. ज्याने त्याने आपापल्या कोपऱ्यात तोंड करून बसायचे. मोठी मुलगी चुलीपाशी, एक डोळा भाकरीवर आणि एक डोळा वहीवर. मधला पाढे घोकतो. धाकट्याला काय करावे ते उमगत नाही, म्हणून तो मधल्याची पेन्सिल ओढतो. मग भांडण, मग आजीचा आवाज, की “गप बसा रे, लिवा कायतरी!” आणि अभ्यास या शब्दाचा अर्थ त्या घरात एवढाच उरतो की काहीतरी लिहीत बसणे. पुस्तकातला मजकूर वहीत उतरवून काढला की अभ्यास झाला.

दोष कुणाचा नाही. हिशेबच तसा आहे. तीन इयत्तांच्या तीन मुलांना एका माणसाने स्वतंत्र शिकवायचे म्हटले तर दर मुलामागे चाळीस मिनिटे धरली तरी दोन तास होतात, आणि तो एक माणूसही घरात नाही. शहाण्यासुरत्या, शिकल्यासवरल्या आईबापांनासुद्धा हा हिशेब जमत नाही. शहरांतून अलीकडे काही कुटुंबे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात आणि पुढे मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला बसवतात. त्यांचीही पहिली तक्रार हीच असते की एकेकाला वेगळे घेऊन बसता बसता दिवस संपतो, आणि घरात कुणाचा कुणाशी मेळ राहत नाही.

यावर उपाय म्हणून मी जे सुचवणार आहे ते नवे नाही. दिवसाच्या अभ्यासात एक वेळ अशी ठेवा की तिच्यात इयत्ता नाही. घरात जेवढी मुले असतील तेवढी, आणि आजीसुद्धा, एकत्र बसतील, आणि जे इयत्तेत मोडत नाही ते मिळून करतील. गोष्ट ऐकतील, गाणे म्हणतील, एखादी वस्तू नीट बघतील, नकाशावर बोट फिरवतील. याला मी सगळ्यांचा तास म्हणतो. तास म्हटल्यावर घाबरू नका. शाळेतला तास साठ मिनिटांचा नसतो, हे शिक्षक मंडळींना ठाऊक आहे. वीस मिनिटांनी आरंभ केला तरी पुष्कळ झाले.

जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत ज्यांनी हयात घालवली त्यांना तर यात काहीच अपूर्वाई वाटणार नाही. चार वर्ग, दोन गुरुजी. गणिताला वर्ग वेगळे करावेच लागतात, कारण गणित ही शिडी आहे; वजाबाकी न येणाऱ्याला भागाकाराच्या पायरीवर उभे करता येत नाही. पण कविता आणि गोष्ट ही शिडी नव्हे, विहीर आहे. ज्याच्या हाती जेवढे भांडे तेवढे पाणी तो नेतो. एकच गोष्ट ऐकून पाच वर्षांचे पोर त्यातला कोल्हा घेऊन जाते, आणि तेरा वर्षांची मुलगी त्यातला अन्याय घेऊन जाते. म्हणून बहुवर्गाचे गुरुजी चारी वर्ग एकत्र बसवून गोष्ट सांगतात. तेच घरी करायचे आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मूल स्वतः जेवढे वाचू शकते त्याहून कितीतरी अधिक ते ऐकून समजू शकते. दुसरीतल्या मुलाला चार ओळी वाचायला पाच मिनिटे लागतील, पण त्याच मुलाला अर्ध्या तासाची गोष्ट ऐकवा, तो मध्येच विचारील की पहिल्या वेळी राजा असे म्हणाला नव्हता, आता असे का म्हणतो? ही समज आधी येते, अक्षर मागून येते. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे म्हणून २०२१ पासून देशभर निपुण भारत नावाने मोहीम चालू झाली आहे. त्या मोहिमेचा अर्धा पाया घरातल्या ऐकण्या-सांगण्यात आहे, असे मला वाटते. ज्याने शब्द कधी ऐकलाच नाही त्याला तो वाचता येऊन तरी काय उपयोग?

आपल्याकडची काही उदाहरणे देतो. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि त्या आईने, लक्ष्मीबाईंनी, मुलीला शिकवले. घर एका जागी नव्हतेच. तीर्थक्षेत्रे पायी हिंडणारे ते कुटुंब. पाटी नाही, बाक नाही. आई म्हणे आणि मुलगी तिच्यामागून म्हणे. बिऱ्हाड पाठीवर असले म्हणजे शिक्षण थांबलेच पाहिजे असे नाही, एवढे तरी या उदाहरणावरून दिसते.

दुसरे उदाहरण साने गुरुजींचे. अमळनेरच्या छात्रालयात वेगवेगळ्या इयत्तांची मुले त्यांच्याभोवती असत, आणि गुरुजी त्यांना गोष्टी सांगत. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले, त्याची मांडणी आठवा. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. पहिली रात्र, दुसरी रात्र. दिवसाची कामे उरकल्यावर आश्रमातली मंडळी जमतात, श्याम सांगतो, बाकीचे ऐकतात. महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचलेले हे पुस्तक म्हणजे एका सामायिक तासाचीच वही आहे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असतो.

आणि तिसरे, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे. १९४५ साली बोर्डीला त्यांचे काम सुरू झाले, पुढे ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली आदिवासी मुले शाळेत येत ना, कारण गुरे कुणी राखायची? तेव्हा या बायांनी मुलांना रागे भरण्याऐवजी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हे तिचे नाव. गुरे चरताहेत, मुले जमली आहेत, लहान-मोठी सगळी एकत्र, आणि दगड, पाने, पक्षी, गाणी यांतून शिकणे चालले आहे. परिस्थिती बदलेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. आपल्या ऊसतोडीच्या घरांकडे पाहताना मला ताराबाईंची ही रीत फार मोलाची वाटते.

अलीकडचे म्हणाल तर २०२० चा मार्च आठवा. करोनाच्या साथीने शाळांना कुलपे लागली आणि घरोघरी शाळा आली, कुणाला हवी असो वा नसो. ज्यांच्या घरी मोठे फोन होते त्यांनी फोनवर वर्ग भरवले. ज्यांच्या घरी नव्हते त्यांचे काय? त्या वर्षी आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम होऊ लागला. सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून ‘टिलीमिली’ सुरू झाली, आणि तिच्यातही मुलांनी घरच्या मोठ्यांना सोबत घेऊन करायच्या गोष्टींवर भर होता. सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवरच धडे रंगवून काढले, येता-जाता सगळ्यांना दिसावेत म्हणून. या सगळ्यांत एक सारखेपणा आहे. रेडिओ असो, दूरचित्रवाणी असो की भिंत असो, ती एकट्याची नसते. चौघांनी मिळून ऐकायची, मिळून बघायची असते. फोनचे तसे नाही. एकाच्या हातात पडदा आणि बाकीच्या तिघांच्या माना त्याच्या खांद्यावर, अशाने भांडणच होणार. म्हणून मी म्हणतो, या तासात फोनचा आवाज वापरा, पडदा नको. उताणा ठेवा मध्ये, गोष्ट लावा, आणि सगळ्यांनी भोवती बसा.

आता प्रत्यक्ष काय करायचे?

माझ्या वर्गात केज तालुक्यातल्या एका वाडीवरचा विद्यार्थी आहे. आईवडील दर साल तोडीला जातात. घरी आजी, आठवीतली बहीण आणि तिसरीतला भाऊ. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तो मला म्हणाला, “सर, धाकटा अभ्यासाला बसतच नाही. अन् ताई म्हणती, मी शाळा सोडते, घरचं कोण बघायचं?” या दुसऱ्या वाक्याने मी चमकलो. आपल्या भागात आठवीतल्या मुलीने शाळा सोडणे म्हणजे पुढे काय होते, हे आपण सगळे जाणतो. एक तर तिच्या हाती पुढच्या साली कोयता येतो, नाही तर तिचे लगीन लावून देतात आणि मग नवराबायको मिळून कोयता होतो. कायदा अठरा वर्षांचा आहे, पण कायदा संध्याकाळी घरी येऊन भाकरी थापत नाही.

मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, संध्याकाळचे पाणी आणि भांडी तू आणि धाकट्याने करायची, म्हणजे ताई मोकळी होईल. दुसरी, जेवणाआधी अर्धा तास सगळ्यांनी आजीपाशी बसायचे आणि तू मोठ्याने वाचायचे. जेवणाआधी एवढ्यासाठी, की जेवणानंतर धाकटी मुले पेंगतात. काय वाचू, म्हणाला. मी त्याला ‘किशोर’चे जुने अंक दिले. बालभारतीचे हे मासिक १९७१ पासून निघते, आणि त्याचे जुने अंक आता फोनवरही फुकट मिळतात.

पहिल्या आठवड्यात विशेष काही घडले नाही. धाकटा उठून पळे. मग आजीने एक युक्ती काढली. ती म्हणाली, “त्याला आदी सांगू द्या. काल काय झालं ते त्यो सांगंल, मग पुढचं वाचा.” झाले! कालची गोष्ट आपल्याला सांगायची आहे म्हटल्यावर तो ऐकू लागला. चुकले तर ताई सुधारी. आजीला आठवण राहत नसे, की ती मुद्दाम विसरल्यासारखे करी, देव जाणे, पण ती म्हणायची, “आरं, त्यो राजा मेला व्हता ना?” आणि तिसरीतले पोर तिला ठासून सांगे की मेला नव्हता, पळाला होता. शिक्षणशास्त्राची मोठमोठी पुस्तके ज्याला पुनर्कथन म्हणतात ते या निरक्षर बाईने दोन दिवसांत चालू केले. माझी शिक्षकांना विनंती आहे की अशा घरात जाल तेव्हा आजीला अडाणी समजू नका. त्या तासाची अध्यक्ष तीच आहे.

ताईने शाळा सोडली नाही. ती आता दहावीत आहे. हे केवळ गोष्टी वाचल्यामुळे झाले असे मी म्हणणार नाही. भांडी भावांनी घासली याचा वाटा मोठा आहे. पण त्या अर्ध्या तासात ती कुणाची आई नव्हती, घरातली एक मुलगी होती. मोठ्या मुलीलाच मास्तरीण करून तिच्यावर हा तास लादू नका, हे मला विशेष बजावून सांगायचे आहे. ती ऐकायला बसली पाहिजे. शिकवण्याचे काम आले की तिच्या डोक्यावर आणखी एक हंडा चढला म्हणून समजा.

वाचणारे कुणीच नसेल तर? तर ऐका. रेडिओ आहे. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा आहे. त्याला आठवड्यातून दोन दिवस बोलवा. शेजारची मुलेही येऊ द्या. हा तास चार घरांचा मिळून झाला तर दुधात साखरच. आणि गाण्याला तर अक्षर लागतच नाही. आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतात. जाते गेले, गिरणी आली, तशा ओव्या ओठातल्या ओठात राहिल्या. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर या दोघांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्यांत आपल्या माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या आहेत. ज्या आजीला सही करता येत नाही तिच्यापाशी पन्नास-शंभर कविता तोंडपाठ असतील, आणि तिचा नातू शाळेत एक कविता पाठ होईना म्हणून रडत असेल, असे आपल्याकडे सर्रास दिसते. रोज एक ओवी. आजीने म्हणायची, मुलांनी झेलायची, आणि पाचवीतल्याने वहीत उतरवून घ्यायची. शुद्धलेखन, पाठांतर, गाणे, सगळे त्यातच आले.

बघायच्या गोष्टी तर विकत आणाव्या लागत नाहीत. सीताफळाची बी, सुगरणीचे घरटे, सापाची कात, ज्वारीचे मूळ, पळसाचे फूल. एक वस्तू मध्ये ठेवायची, प्रत्येकाने एक गोष्ट अशी सांगायची की जी आधीच्याने सांगितली नाही. लहानाने आधी, मोठ्याने मागून. म्हणजे लहानाला सोपे मिळते आणि मोठ्याला डोके चालवावे लागते. तारीख घालून चित्र काढायचे. चित्र चांगले आले पाहिजे असा काही कायदा नाही.

रात्री अंगणात या. हिवाळ्यात आपले आभाळ असे लख्ख असते की शहरातल्या माणसाने हेवा करावा. जानेवारीत दिवेलागणीनंतर पूर्वेला मृग वर आलेला असतो. त्याच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाला आजी तिकांडे म्हणेल. पुस्तकात त्याला दुसरे नाव असेल. दोन्ही नावे मुलांना कळू द्या. त्याच्याजवळची तांबूस रोहिणी, पुढचा कृत्तिकांचा पुंजका. किती तारे मोजता येतात यावर पैज लावा. धाकट्याची नजर बहुधा जिंकते.

आणि आता एक असा प्रयोग सांगतो, जो आपल्या घरांसाठीच जणू नेमलेला आहे. अंगणात सपाट जागी एक मीटर लांबीची काठी सरळ उभी पुरा. दर रविवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली मोजा. घड्याळातल्या बाराला नव्हे, कारण आपले घड्याळ अलाहाबादेजवळच्या रेखावृत्तावर, म्हणजे आजच्या प्रयागराजकडे पाहून लावलेले आहे; सूर्य बीडच्या डोक्यावर यायला त्यानंतर जवळपास अर्धा तास लागतो. दिवाळीच्या सुमारास सावली साधारण पाऊण मीटरच्या आतबाहेर भरेल. मग ती दर आठवड्याला वाढत जाईल. २२ डिसेंबरच्या सुमारास ती सर्वांत लांब होईल, आपल्या जिल्ह्यात ९० सेंटिमीटरच्या जरा वर. तिथून ती उलटी फिरेल. २१ मार्चला ३४ सेंटिमीटर, आणि एप्रिलच्या मध्यावर वीतभरसुद्धा राहणार नाही. मेच्या मध्यावर एका दुपारी ती दिसेनाशीच होईल.

तिसरीतला मुलगा मोजपट्टी धरील, पाचवीतला आकडे मांडील, आठवीतली आलेख काढील, आणि आजी सांगेल की संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने मोठा होतो. सगळे खरे. पण मुलांना यात आणखी एक गोष्ट सापडते, ती मी सांगितली नव्हती. त्या वाडीवरच्या धाकट्याने ती शोधून काढली. आईबाप गेले तेव्हा सावली वाढत होती. ती आखूड होऊ लागली की त्यांच्या येण्याकडे दिवस लागतात. पाच महिने म्हणजे किती, हे तिसरीतल्या पोराला कॅलेंडरवरून नीटसे कळत नाही. काठीवरून कळते.

नकाशाचेही असेच. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा लावा. आईबापांची टोळी कोणत्या कारखान्यावर आहे ते विचारून तिथे कुंकवाचा ठिपका द्या. गावापासून त्या ठिपक्यापर्यंत दोरा ताणा. वाटेत कोणकोणत्या नद्या लागल्या? सीना लागली, भीमा लागली, कोल्हापूरकडे गेले असतील तर कृष्णा लागली. आपली मांजरा कुठे जाते, गोदावरी कुठे जाते? भूगोलाच्या तासाला पेंगणारे मूल इथे पेंगत नाही, कारण त्या ठिपक्यावर त्याची आई आहे. दोऱ्यावर मोजपट्टी लावली की प्रमाण कळते. बापाने फोनवर सांगितले की आज गाडी अमुक टन भरली, तर तो आकडा वहीत लिहा, आठवड्याची बेरीज करा. हिशेब मुलांना आला पाहिजे. ज्यांच्या बापजाद्यांना वजनाची पावती वाचता आली नाही, त्यांना तर आलाच पाहिजे.

तिकडे कोपीवरही हा तास पोचू शकतो. तोडीचे दिवस म्हणजे पहाटे तीनला उठणे आणि गाडी रिकामी होईल तेव्हा परतणे. संध्याकाळची अमुक एक वेळ त्यांना नसते. पण आठवड्यातून एकदा फोन लागतोच. “जेवलास का, अभ्यास कर, आजीला तरास देऊ नको” एवढ्यावर तो संपतो. त्याऐवजी मुलाने आठवड्यातली एक गोष्ट आईला सांगावी. पूर्ण. आईने फोन मध्ये ठेवावा, कोपीतल्या आणखी दोघी ऐकतील. फडावर मुले बरोबर नेली असतील तर तीही ऐकतील. गावातल्या शिक्षकांनी एवढे केले तरी पुरे, की शुक्रवारी मुलांना विचारायचे, उद्या आईला कोणती गोष्ट सांगणार?

शिक्षकांनी आणखी काय करावे? शाळेच्या कपाटातली पुस्तके कुलपात ठेवू नयेत. फाटतील, हे खरे. फाटू द्यावीत. दर शनिवारी घरटी एक पुस्तक द्यावे, मुलामागे नव्हे, घरामागे, म्हणजे ते मिळून वाचले जाईल. गावात सार्वजनिक वाचनालय असेल तर तिथे मुलांची पुस्तके आहेत की नाही ते सरपंचांना विचारावे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने लहान गावांच्या वाचनालयांनाही अनुदान मिळू लागले. पण कित्येक ठिकाणी वाचनालय म्हणजे चार वर्तमानपत्रे आणि एक कुलूप, असा प्रकार आहे. आणि कृपा करून या तासाची तक्ते भरून माहिती मागवू नये! रकाना आला की गोष्ट गेली.

पालक विचारतील, याला मार्क किती? मार्क नाहीत. गोष्ट संपल्यावर प्रश्न विचारू नयेत, तात्पर्य सांगू नये. तात्पर्य मुले स्वतः काढतात, आणि ते आपल्याहून वेगळे निघते. मुलाने विचारले तर मात्र उत्तर द्यावे, येत नसेल तर “उद्या गुरुजींना विचार” म्हणावे. परीक्षेचा अभ्यास त्याच्या जागी हवाच. गणित वेगळे, ज्याचे त्याचे, शांत बसून. सगळ्यांचा तास त्याला बदली नव्हे. शाळेलाही बदली नव्हे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क कायद्याने दिला आहे, १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे, तो हक्क सोडायचा नाही. हंगामी वसतिगृहात जागा मिळत असेल तर तीही सोडायची नाही. वसतिगृहाच्या अधीक्षकांना हा तास लावणे घरांपेक्षा सोपे आहे, कारण तिथे मुले जमलेलीच असतात. पण तिथे संध्याकाळी प्रार्थना होते, हजेरी होते, आणि मग जो तो आपल्या पांघरुणात शिरतो. प्रार्थना आणि हजेरी यांच्यामध्ये वीस मिनिटे सापडतील.

सहली काढायच्या तर लांब जाऊ नका. अंबाजोगाईच्या आसपासच्या मुलांना मुकुंदराजांची समाधी पायी गाठता येते. ११८८ साली विवेकसिंधु लिहिणारा हा कवी आपल्या डोंगरात राहिला, हे मुलांना त्या जागी उभे राहून सांगावे. दासोपंतांनी कागद सोडून लांबच लांब कापडावर ग्रंथ लिहिला, त्या पासोडीची गोष्ट ऐकून एका मुलीने आजीच्या जुन्या लुगड्यावर कोळशाने ओव्या लिहिल्याचे मला ठाऊक आहे. आजी रागावली, पण धुवायला तिने आठ दिवस लावले. बीडजवळच्या मुलांनी खजाना विहीर पाहावी आणि पाणी कुठून येते याचा तर्क करावा.

तास मोडेल. मोडणारच. गावात लग्न असेल, वीज जाईल, आजीला ताप येईल, शेतात कापसाची वेचणी निघेल. तीन दिवस मोडला तर चौथ्या दिवशी काही भरून काढायला जाऊ नका. जिथे होतो तिथून पुढे चला. वीज गेली तर मात्र मोडू नका, कारण अंधारात गोष्ट अधिक रंगते.

पाडव्याच्या आगेमागे टोळ्या परतायला लागतात. घर भरते, पाव्हणे येतात, मुकादमाचे हिशेब निघतात, कधी ते तंट्यावर जातात. त्या धांदलीत हा तास हमखास मागे पडतो, आणि आता आई आलीच आहे तर कशाला, असे सगळ्यांना वाटते. माझे सांगणे असे की चार दिवस जाऊ द्यावेत, तिला झोपू द्यावे, आणि मग एका संध्याकाळी तिलाही आजीशेजारी बसवावे. तिला वाचता येत नसेल तर धाकट्याने वही काढावी आणि हिवाळाभर उतरवून घेतलेल्या ओव्या तिला वाचून दाखवाव्यात. त्यांतल्या निम्म्या तिला पाठ असतील. ज्या वहीत नाहीत त्या ती सांगेल, आणि त्या लिहून घ्यायला मागची पाने कोरी ठेवलेली बरी.